अंगणात एक टन पाणी: घरच्या घरी उंच तळं बांधताना

हा आपल्या ताज्या भागाचा लेखी अवतार. बसमध्ये हेडफोन विसरलात, डेटा संपला, किंवा शेजारी बाळ झोपलंय, अशा सगळ्यांसाठी. बोललोय तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझे शंभर वेळा आलेले 'म्हणजे' आणि मागून येणाऱ्या कुकरच्या शिट्ट्या काढल्यात. आकडे मात्र नीट लिहिलेत, कारण ऐकताना आकडे निसटतात आणि या भागात आकड्यांवरच सगळं उभं आहे.

सुरुवात एका रीलपासून झाली. बाबा रिटायर झाल्यापासून फॅमिली ग्रुपवर रील टाकणं हे त्यांचं नवीन काम आहे. त्या रीलमध्ये एका माणसानं गच्चीवर विटांचा चौकोन रचला, आत निळं प्लास्टिक अंथरलं, पाणी सोडलं, कमळ ठेवलं, मासे सोडले. साठ सेकंदांत तळं तयार. खाली बाबांचा प्रश्न, "आपल्या गच्चीवर जमेल का रे?" आणि त्याखाली दोनच मिनिटांत आईचं उत्तर, "घरात साठलेलं पाणी नको."

आईच्या त्या चार शब्दांना कारण होतं. गेल्या दिवाळीच्या आधी तिला डेंग्यू झाला होता. सहा दिवस ॲडमिट. रोज सकाळी प्लेटलेटचा रिपोर्ट येईपर्यंत बाबा कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायचे आणि मी लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये असल्याचं नाटक करायचो. त्यामुळे तिचं 'नको' मला हसण्यावारी नेता येत नव्हतं. दुसरीकडे बाबांना चाळीस वर्षांनी पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी हवं होतं. दोघांचंही बरोबर. मग ठरवलं की आधी गणित करू, गणितात बसलं तर बांधू, आणि बांधल्यावर एकही अळी सापडली तर पाणी काढून त्यात माती भरू आणि टोमॅटो लावू. आईनं ही अट सगळ्यांसमोर दोनदा म्हणून घेतली.

गच्ची बाद कशी झाली

बाबांच्या डोक्यात होतं ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट खोल पाणी. ऐकायला किती छोटं वाटतं ना? गुणाकार करा. ६ गुणिले ४ गुणिले दीड, म्हणजे ३६ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं. म्हणजे झालं १,०१९ लिटर. आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. गच्चीवर एक टन ठेवायचा होता आम्हाला.

आता गच्ची किती पेलते? आपल्याकडे इमारतींवरच्या वजनाचं एक भारतीय मानक आहे, आयएस ८७५. त्याच्या दुसऱ्या भागात, लोक जिथे ये-जा करू शकतात अशा सपाट गच्चीसाठी दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन वजन धरायला सांगितलंय. साध्या भाषेत, एका चौरस मीटरवर साधारण १५० किलो. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला ४५० किलो दाबतं. थेट तिप्पट. उलटं गणित केलं तर १५० किलोत फक्त १५ सेंटिमीटर खोल पाणी बसतं, तेही भिंत, माती, कुंड्या आणि ते बघायला उभे राहिलेले पाहुणे सोडून.

आणि खरा धक्का पुढे होता. भिंतीचं वजन. नऊ इंची विटांची, दोन फूट उंच भिंत चारी बाजूंनी घेतली तर बांधकाम साधारण साडेचौतीस घनफूट होतं. त्याचं वजन सुमारे १.८ टन. पाण्यापेक्षा भिंतच जड! मला हे आधी खोटंच वाटलं, परत गुणाकार केला, तेच उत्तर. सगळं मिळून पावणेतीन टनांच्या वर.

कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, "आमच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे की, काही झालं नाही." बरोबर. पण ती टाकी बहुतेक वेळा जिन्याच्या खोलीवर, कॉलम आणि बीमच्या डोक्यावर ठेवलेली असते, आणि डिझाइन करताना तिचं वजन धरलेलं असतं. मधल्या स्लॅबचं तसं नाही. स्लॅब त्याच रात्री पडेल असंही नाही. डिझाइनमध्ये सुरक्षेसाठी जागा सोडलेली असते. पण ती जागा जुन्या काँक्रीटसाठी, आत गंजलेल्या गजांसाठी, पावसात मुरलेल्या पाण्यासाठी असते, आपल्या हौसेसाठी नाही. आणि हे वजन पाहुण्यांसारखं येऊन जाणारं नाही, ते वर्षानुवर्षं तिथंच बसून राहणार.

फ्लॅटवाल्यांनो, निराश होऊ नका. साठ-सत्तर लिटरचा टब म्हणजे वजनाला एक माणूस. तो भिंतीच्या कडेला, बीमच्या जवळ ठेवला तर त्यात एक कुमुद आणि पाच-सहा गप्पी मजेत राहतात. पुढचं बहुतेक सगळं त्या टबालाही लागू होतं. त्याहून मोठं काही करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. रीलवाल्याला नको.

खणायचं नाही, बांधायचं

आमच्या घरामागे दहा बाय पंधराचं अंगण आहे, म्हणून गच्चीवरून तळं तिथं उतरलं. मग बाबा म्हणाले, जमिनीवरच करायचं तर खड्डाच घेऊ ना, विटांचा खर्च वाचेल. नाशिकमध्ये खड्डा घेणं ही काय चीज आहे हे ज्यांनी साधं फाटकाचा खांब रोवायला खणलंय त्यांना विचारा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पांडवलेणीला गेलात तर लेण्यांच्या बाहेर खडकात कोरलेली पाण्याची टाकी दिसतील. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात नहपान राजाचा जावई उषवदात यानं लेण्यासोबत ही टाकी कोरून घेतल्याचीही नोंद आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं काम. त्याच्याकडे राजाचा खजिना होता. आमच्याकडे बाबांचा पीएफ.

मेहनत बाजूला ठेवली तरी उंच तळ्याचे फायदे मला खरंच पटले. जमिनीच्या पातळीवर तळं असेल तर जुलैच्या पावसात अंगणातला सगळा गाळ, पालापाचोळा आणि शेजारच्यांचं साबणाचं पाणी वाहत त्यात येतं. दोन फूट भिंत असली की ते बाहेरच राहतं. कडेला बसता येतं, बाबांना वाकावं लागत नाही. आणि गळती झाली तर ती भिंतीवर दिसते, जमिनीत गुपचूप मुरत नाही.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट कोबा केला तर एक-दोन वर्षांत तो तडकतो. आम्ही वरची फूटभर काळी माती काढली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसून घेतला आणि त्यावर चार इंच पीसीसी केलं. या कामात मजा शून्य आहे. रीलमध्ये हे कधीच नसतं.

मिस्त्री म्हणाले, पोट येईल

मी हुशारी करून चार इंची भिंत सुचवली. म्हटलं, अर्ध्या विटा वाचतील. मिस्त्री भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "सर, कंपाउंडला चालते ती. हिला आतून पाणी ढकलणार. पोट येईल भिंतीला."

मी घरी येऊन कागदावर मांडलं, तर ते बरोबर निघाले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. वर शून्य, तळाशी सगळ्यात जास्त. त्यामुळे भिंतीवरचा एकूण रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड फूट पाण्याला एक मीटर लांबीच्या भिंतीवर साधारण १०० किलोचा रेटा येतो, म्हणजे आमच्या सहा फुटी भिंतीवर १८५ किलोच्या आसपास. खोली दुप्पट, तीन फूट केली की हा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो: साडेसातशे किलोच्या जवळ. म्हणून "थोडं अजून खोल घेऊ" हे वाक्य तळ्यात फार महाग पडतं.

अजून एक गंमत. हा रेटा तळं किती रुंद आहे यावर अवलंबून नसतो. चार फूट रुंद असो की चाळीस फूट, खोली तीच असेल तर भिंतीला तेवढंच ढकललं जातं. शाळेत हे शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं, पण अंगणात उभं राहून पहिल्यांदा कळलं.

शेवटी नऊ इंची भिंत, कोपऱ्यात विटा एकमेकांत अडकवून, आणि वरच्या थरात ८ एमएमचे दोन गज टाकून काँक्रीटचा पट्टा. साधारण ५०० विटा लागल्या. वरून बसायला कडप्पा. एक गोष्ट मिस्त्रींच्या मागे लागून करून घ्या: वरची कड सगळीकडून एका पातळीत. भिंत अर्धा इंच कलली तर नुसत्या डोळ्याला कळत नाही, पण पाणी भरलं की एका बाजूला कागद उघडा दिसतो आणि ती बाजू आयुष्यभर तुमच्याकडे बघत बसते. आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपरे तपासले. फोनमधलं लेव्हलचं ॲप मी काढलं होतं, मिस्त्रींनी नम्रपणे दुर्लक्ष केलं.

पाणी काढायची सोयही आत्ताच करायची. पावणेदोन फुटाच्या थोडं खाली टँक निपल लावून दीड इंची पाइप बाहेर काढला आणि आतल्या तोंडाला जाळी लावली. पावसाळ्यात जास्तीचं पाणी तिथून केळीच्या आळ्यात जातं.

निफाडहून आलेला कागद

आता पाणी अडवायचं कशानं? नुसतं सिमेंटचं प्लॅस्टर करूनही हौद होतो, पण नवीन सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाणी इतकं अल्कली होतं की मासे टिकत नाहीत. असं करणाऱ्यांना हौद भरून, आठवडाभर ठेवून, रिकामा करून, परत भरून असं बरेचदा करावं लागतं. मत्स्यपालन करणारे नवीन टाकीत केळीचं खोड कापून टाकतात ते त्याचसाठी. आम्हाला एवढा धीर नव्हता.

आणि आपल्या जिल्ह्यात राहून बाहेरून महागडं लायनर मागवायचं म्हणजे जरा कमीपणाच आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड, कुठल्याही रस्त्यानं जा, द्राक्षबागेच्या कडेला काळ्या कागदाचं शेततळं दिसतंच. राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ साली आली. पण पावसाळ्यात तळं भरून घ्यायचं आणि उन्हाळ्यात बाग जगवायची हे गणित आपल्या शेतकऱ्यांचं त्याच्याही आधीचं. तो कागद म्हणजे साधारण ५०० मायक्रॉन जाडीचं एचडीपीई प्लास्टिक. उन्हात टिकावं म्हणून त्यात काजळी मिसळलेली असते, म्हणून तो काळा.

मामांना फोन केला. मामा म्हणाले, "गोठ्यामागं पडलाय की तुकडा, ने. पण भाच्या, खाली एक खडा राहू दिलास तर मला विचारायला येऊ नको." माप काढायची रीत सोपी आहे: लांबी, अधिक दोन्ही बाजूंच्या भिंतींची उंची, अधिक दोन्हीकडे वर दुमडायला फूट-फूट. म्हणजे ६ अधिक ४ अधिक २, बारा फूट. तसंच दुसरीकडून ४ अधिक ४ अधिक २, दहा फूट. बारा बाय दहाचा तुकडा.

कागदाखाली मऊ थर लागतो. आम्ही जुन्या चादरी आणि त्याखाली एक जुना फ्लेक्स टाकला. कोणाच्या तरी वाढदिवसाचा होता. ते साहेब आता हसऱ्या चेहऱ्यानं आमचं एक टन पाणी पेलतायत.

शेततळ्याच्या कागदाचा एक दोष आहे आणि तो मी हलक्यात घेतला. हा कागद उतरत्या बांधांसाठी बनलेला, ताठ असतो. उभ्या भिंतीच्या चौकोनी कोपऱ्यात तो नीट बसत नाही. वहीला कव्हर घालताना कोपरा दुमडतो तशी मोठी घडी घालावी लागते. मी घड्या घातल्या, कडप्प्याखाली दाबल्या, छान दिसलं. या घड्यांकडे आपण परत येणार आहोत.

वीसपैकी चौदा

पाणी नळाचं. त्यात क्लोरीन असतं, म्हणून भरून दोन दिवस उघडं ठेवलं. पाचव्या दिवशी मी वीस गोल्डफिश आणले. बाबा खूश. आई लांबून बघत होती.

नवव्या दिवसापर्यंत चौदा मेले.

पाणी स्वच्छ होतं, काचेसारखं. तेच मला कळत नव्हतं. चूक अशी होती: मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतात आणि अमोनिया त्यांच्यासाठीच विष आहे. जुन्या तळ्यात हा अमोनिया काही जिवाणू खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि वनस्पतींना खत म्हणून चालतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते खडी, भिंत, मुळं यांच्यावर पातळ बुळबुळीत थर धरून राहतात, आणि तो थर तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. थंडीत त्याहून जास्त. माझ्या पाच दिवसांच्या तळ्यात वीस जण खात होते आणि साफ करणारा एकही नव्हता. सर्व्हर उभा करून त्याच दिवशी सगळे युजर सोडल्यासारखं झालं ते. ऑफिसमध्ये हे मी कोणालाही करू दिलं नसतं.

त्यात पाण्याचा पीएच. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. आमचं पाणी ८ च्या वर होतं. दहा रुपयांची पट्टी आधी बुडवली असती तर कळलं असतं.

उरलेले सहा गोल्डफिश मी एका मित्राच्या जुन्या टाकीत नेऊन सोडले. आणि ज्याला खरं तळं बांधणं म्हणतात ते तिथून सुरू झालं, म्हणजे वाट बघणं. एका क्रेटमध्ये खडी भरून त्यात कर्दळ आणि वेखंड लावलं, क्रेट काठावर ठेवला. छोटा पंप तळ्यातलं पाणी क्रेटमध्ये चढवतो, ते खडीतून गाळून परत तळ्यात पडतं. खडीवर जिवाणू राहतात, कर्दळीची मुळं नायट्रेट पितात. पंप १८ वॉटचा आहे, दिवसरात्र चालवला तर महिन्याला साधारण १३ युनिट. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाकायची, म्हणजे ती कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो, आणि दर रविवारी टेस्ट किटनं मोजायचं. मधे पाणी हिरवंगार झालं, बाबा म्हणाले बदलू या, मी हात जोडले. ते पाणी फेकलं असतं तर घड्याळ परत शून्यावर. कुमुदाची पानं पसरून सावली झाली तसं हिरवेपण आपोआप उतरलं.

कुमुदाबद्दल एक वाक्य: नर्सरीत कमळ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा कुमुद असतं. पान पाण्यावर तरंगत असेल आणि त्याला देठापर्यंत चीर असेल तर कुमुद. कमळाचं पान गोल, बिनचिरेचं आणि पाण्याच्या वर उभं राहतं. साध्या काळ्या मातीत, खत न घालता, कुंडीत लावायचं, वर खडी पसरायची. पाच-सहा तास ऊन हवं. जलपर्णी कोणी फुकट दिली तरी आणू नका.

पण मासे नसलेलं, सहा आठवडे उघडं पाणी म्हणजे आईच्या भीतीचा अगदी फोटोच. त्यावर उत्तर तिनंच शोधलं. माळ्यावरची जुनी मच्छरदाणी आणून म्हणाली, "याच्यावर घाला. चहूबाजूंनी खोचा, मी बघणार आहे." साडेपाच आठवडे आमच्या अंगणात तळं मच्छरदाणीत झोपलं होतं. शेजारच्या काकूंनी विचारलंही, "आजारी आहे का?"

आता अळ्यांचं

अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन रविवार शून्य आल्यावर दहा गप्पी सोडले. बऱ्याच मनपांकडे, ग्रामपंचायतींकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे गप्पी मासे पैदास केंद्रं असतात, चौकशी करा. गप्पीचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, त्यामुळे पृष्ठभागाशी श्वास घ्यायला आलेली अळी त्याच्यासाठी ताटात वाढल्यासारखी असते. त्यांना खाद्य टाकायचं नाही, नाहीतर शिकार कशाला करतील?

आईला पटावं म्हणून एक प्रयोग केला. तळ्याशेजारी एक मग पाणी भरून ठेवलं. पाचव्या दिवशी त्यात वळवळणाऱ्या अळ्या. आईला बोलावलं आणि मग तळ्यात ओतला. तिनं मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. "गेल्या?" एवढंच म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ बघत राहिली.

डेंग्यू पसरवणारी एडिस मादी अंडी पाण्यात घालत नाही. ती भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ही अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढून भिजली की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणतो ते याच हिशेबानं: सात दिवसांत चक्र तोडलं की डास बाहेरच पडत नाही.

हे समजल्यावर आम्ही तिघांनी घरभर शोध घेतला आणि मला लाज वाटली. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये पाणी. मनी प्लांटच्या बशीत अळ्या. कूलरच्या टाकीत दिवाळीपासूनचं तळाशी साठलेलं. म्हणजे आई आजारी पडली तेव्हा घरात तळं नव्हतंच, आणि डासांची सोय तीन ठिकाणी होती.

तरी ऑगस्टमध्ये मी अट हरता हरता वाचलो. एका सकाळी आईनं हाक मारली, "इकडे ये, हे बघ." कागदाच्या त्या कोपऱ्यातल्या घड्या! पाण्याच्या वरच्या भागात, घडीच्या खिशात पावसाचं वाटीभर पाणी साठलं होतं आणि त्यात अळ्या. गप्पी तिथं पोचूच शकत नाहीत. तळ्यात हजार लिटरमध्ये एक नाही आणि घडीतल्या वाटीत पंधरा-वीस. चारी घड्या बाहेर ओढून पट्टीनं सपाट दाबल्या आणि सिलिकॉन भरून बंद केल्या. टोमॅटोचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला होता. मी म्हटलं, अट तळ्याची होती, घडीची नाही. आई म्हणाली, "वकिली नको करू." पण मुदत मिळाली.

ज्यांच्याकडे गप्पी भरमसाट वाढलेत, आणि वाढतातच, मादी महिन्याला पिल्लं देते, त्यांनी एक ऐका: ते गोदावरीत, नाल्यात किंवा नांदूर मध्यमेश्वरला सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. गंबुशिया हा त्याचा भाऊबंद तर जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आहे. नदीत ते आपल्या देशी माशांची आणि बेडकांची पिल्लं खातात. बंद हौदात ठीक, वाहत्या पाण्यात नाही. शेजाऱ्यांच्या टाकीला द्या.

दोन गोष्टी ज्यावर तडजोड नाही

माझी भाची तीन वर्षांची आहे. दोन फूट भिंत तिला अडवेल असं मला वाटत होतं, तोवर ती प्लास्टिकची खुर्ची ओढत येताना दिसली. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि आवाज न करता. आम्ही दोन इंची चौकोनाची वेल्डेड जाळी विटांच्या टेकूवर, पाण्याच्या जेमतेम खाली बसवली. कुमुदाची पानं तिच्यातून वर येतात, लांबून दिसतही नाही, माझं वजन टाकून तपासलीय. ही जाळी बसेपर्यंत मागच्या दाराला कुलूप होतं.

दुसरी, वीज. पंपाचं कनेक्शन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरूनच घ्या, आणि तळ्यात हात घालताना प्लग काढा. "छोटाच तर पंप आहे" हे वाक्य मनातसुद्धा आणू नका.

खर्च सगळे विचारतात: कागद मामांचा धरला नाही तर माझे १८ हजारांच्या आसपास गेले, त्यात मेलेले गोल्डफिशही आले. पाण्याचं म्हणाल तर मे महिन्यात मी टेपनं मोजलं, दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पातळी उतरत होती, म्हणजे दोन बादल्यांहून थोडं कमी, २२ लिटर. हजार लिटरमध्ये एवढं नळाचं पाणी थेट घातलं तरी माशांना त्रास होत नाही. आम्ही डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना देऊन तेवढं वाचवतो. तळ्यात ते घालू नका, कुजतं.

शनिवार आमच्या घरी कोरडा दिवस असतो. आई टॉर्च घेऊन आधी फ्रिजमागे, मग बश्या, मग कूलर आणि शेवटी चारी कोपऱ्यांच्या घड्या बघते. हा भाग रेकॉर्ड करत होतो तेव्हा मधे दार वाजलं, ऐकलं असेल तुम्ही. तिच होती. एक कुमुद उमललंय आणि बाबांना फोटो नीट काढता येत नाहीये, असं सांगायला आली होती.